हलता दगड



शाळेत आम्हाला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्या नावाने होणाऱ्या या व्याख्यानाला मी आजवर मागच्या रांगेत बसत आलो. यंदा बोलायला या, असा निरोप आला तेव्हा मी आधी सरांच्या पत्नीला, काकूंना, फोन करून विचारले, "विषय एका अपघाताचा आहे, चालेल का?" काकूंनी विचारले, "त्यात भौतिकशास्त्र आहे ना? मग चालेल." त्यात भौतिकशास्त्र आहेच. सरांची ती सागवानी फळीसुद्धा आहे. एका टोकाखाली दोन पुस्तके ठेवून तिच्यावरून ते काचेची गोटी सोडायचे, ती फळी. ती कुठे येते ते पुढे सांगतो.

अपघात 30 जून 2012 चा, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला. त्या राज्याचा मध्यभाग म्हणजे डोंगर, खोल दऱ्या आणि पाइनची जंगले. फ्रँक चर्च यांच्या नावाने राखलेले तिथले अरण्य साधारण साडेनऊ हजार चौरस किलोमीटरचे आहे, आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित लहान. आत मोटाररस्ता नाही. पूर्वी खाणकामगार, गुरे पाळणारे आणि जंगलखात्याचे लोक तिथे राहत. त्यांना पीठ, मीठ, टपाल पोचवायला आणि वणवा विझवणारी माणसे न्यायला नदीकाठच्या सपाट तुकड्यांवर, कुरणांवर धावपट्ट्या झाल्या. डांबर नाही, मनोरा नाही, दिवे नाहीत. गवत किंवा माती आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी पिशवी, बस्स. 1980 मध्ये कायद्याने हे अरण्य राखीव झाले, तेव्हा यंत्रांना बंदी करतानाही तिथल्या लोकांनी आधीपासूनच्या धावपट्ट्या वापरात ठेवण्याची तरतूद करून घेतली. आज हौशी वैमानिक तिथे तंबू ठोकायला, मासे धरायला, पायी भटकायला जातात. मला त्या लोकांबद्दल प्रेम आहे. घाटवाटा पाठ असलेला आपल्याकडचा एखादा जुना गिर्यारोहक डोंगराबद्दल ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात ते आपापल्या पट्ट्यांबद्दल बोलतात.

अशीच एक पट्टी ब्रूस मेडोज. स्टॅनली या छोट्या गावाच्या वायव्येला, जंगलाने वेढलेल्या एका विस्तीर्ण कुरणात. समुद्रसपाटीपासून उंची 6,370 फूट. लांबी सुमारे 5,000 फूट, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर. ही लांबी लक्षात ठेवा. डोंगरातल्या पट्ट्यांच्या हिशेबात ती भरपूर आहे. याच राज्यात याच्या निम्म्याहून कमी लांबीच्या पट्ट्यांवरून माणसे ये-जा करतात.

त्या दुपारी तिथून एक स्टिन्सन 108 जातीचे विमान निघाले. चार आसनांचे, कापडाने मढवलेले, 165 अश्वशक्तीच्या एका इंजिनाचे. ही विमाने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन-तीन वर्षांत बनली. जुनी असली तरी गुणी, अजूनही लोक ती जिवापाड सांभाळतात. आत वैमानिक धरून चारजण होते. कॅमेराही सुरू होता आणि त्याने सगळे टिपले. ते चित्रण नंतर जगभर पाहिले गेले. मी ते किती वेळा पाहिले असेल, याची मोजदाद नाही. माझ्या हाताखाली विमान चालवायला शिकलेल्या बहुतेक मुलांना मी ते आवाज बंद करून दाखवले आहे, कारण आवाज असला की माणसाचे लक्ष शेवटच्या क्षणांकडे लागते. मला त्यांना सुरुवात दाखवायची असे.

सुरुवातीला घडत काहीच नाही, आणि पाहायचे असते ते तेच. विमान धावते आहे, धावते आहे, अजून धावतेच आहे. कडेचे गवत मागे सरकते, पण चाके जमीन सोडत नाहीत. शेवटी ती सुटतात. आतल्या माणसांना सुटका झाल्यासारखे वाटले असणार. पण विमान वर जात नाही. झाडांच्या शेंड्यांवरून थोड्याच उंचीने ते काही काळ तरंगत राहते. मग शेंडे जवळ येतात, आणखी जवळ येतात, आणि एक पंख झाडात शिरतो.

चौघेही वाचले. वैमानिकाला गंभीर दुखापत झाली, बाकी तिघे किरकोळ जखमांवर निभावले. विमान खाली बसत गेले तरी ते मोकाट सुटले नव्हते. ते हळू, जवळजवळ आडवे झाडांत शिरले आणि फांद्यांनी त्याचा वेग थोडा थोडा करून खाल्ला. नाक खाली घालून गेले असते तर मी आज हा विषय या सुरात बोललो नसतो.

चौकशीत वैमानिकाने सांगितले की खाली ओढणारी हवा लागली. ती लागलीही असेल. उन्हात तापलेल्या कुरणावरून हवा वर चढते आणि शेजारच्या जंगलावर, डोंगराच्या आडोशाला खाली उतरते. पण ज्या विमानापाशी चढण्याची ताकद शिल्लक आहे, ते अशा हवेतून हेलकावे खात पार होते. ताकद कुठे गेली होती, हा खरा प्रश्न. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने त्याचे उत्तर दिले: उड्डाणापूर्वीचे नियोजन अपुरे होते, आणि त्या दिवशीची घनता-उंची विमानाच्या आवाक्याबाहेरची असताना उड्डाण करण्याचा निर्णय घेतला गेला.

घनता-उंची. वैमानिक तिला 'डेन्सिटी अल्टिट्यूड' म्हणतात. थोडा वेळ इथे थांबू या.

आपण उंची फुटांत आणि मीटरांत मोजतो. विमानाला फूट कळत नाहीत, त्याला कळते ती हवेची दाटी. पंखावरून हवेचे किती रेणू वाहतात, इंजिनाच्या नळकांड्यात एका दमात किती हवा शिरते, प्रॉपेलरला मागे ढकलायला किती हवा सापडते, एवढेच त्याचे जग. डोंगरावर हवा विरळ असते हे आपल्याला ठाऊक असते. ऊन तापले की तीच हवा प्रसरण पावते आणि आणखी विरळ होते, हे मात्र तोंडपाठ असूनही ऐन वेळी आठवत नाही. म्हणून वैमानिकाने स्वतःला विचारायचे असते की आज, या घटकेला, ही हवा प्रमाण मानलेल्या वातावरणातल्या किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे.

गणित अगदी साधे आहे, सरांनी ते फळ्यावर तीन ओळींत मांडले असते. प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सियस तापमान धरतात आणि दर हजार फुटांना ते साधारण 2 अंशांनी उतरते. 6,370 फुटांवर ते सव्वादोन अंशांच्या आसपास असायला हवे. त्या दुपारी ब्रूस मेडोजला होते साधारण 27. म्हणजे जवळपास 25 अंश जास्त. प्रत्येक जादा अंशामागे घनता-उंची सुमारे 120 फुटांनी वाढते. 25 गुणिले 120 म्हणजे 3,000. कुरण 6,370 फुटांवर होते, पण विमानाच्या लेखी ते 9,300 फुटांच्या घरात गेले होते.

मीटरमध्ये सांगायचे तर 2,800 च्या वर. आपल्या सह्याद्रीत एवढी उंची कुठेच नाही. कळसूबाई 1,646 मीटरची. तुमच्यापैकी जे एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले असतील, त्यांनी लुक्लाची धावपट्टी पाहिली असेल. तिची उंची 2,845 मीटर. म्हणजे आयडाहोतल्या त्या सपाट, हिरव्या, निरुपद्रवी दिसणाऱ्या कुरणाची त्या दुपारी जवळजवळ लुक्ला झाली होती. पण लुक्लाला पोचलेल्या माणसाला कुणी सांगावे लागत नाही. पुढे दरी, मागे भिंत, पट्टी जेमतेम 527 मीटर आणि सुमारे बारा टक्के उताराची, जेणेकरून निघणारे विमान उतारावरून वेग घेत सुटावे. तिथे प्रत्येक दगड सांगतो की सांभाळ. ब्रूस मेडोजला असे सांगणारे काहीच नव्हते. तापलेली हवा थंड हवेसारखीच पारदर्शक असते.

विरळ हवेचा मार तीन ठिकाणी बसतो. इंजिन हवा ओढून घेते, पण त्या घोटात हवा कमी. अशा उंचीवर साध्या इंजिनाची सुमारे पाव ताकद जाते. प्रॉपेलर फिरतो, पण त्याच्या पात्यांना पकड कमी मिळते. आणि पंखांना तेवढीच उचल मिळवायची तर अधिक वेगाने धावावे लागते. वेगदर्शक काटा मात्र नेहमीचाच आकडा दाखवतो, कारण तो काटाही त्याच विरळ हवेच्या दाबावर चालतो. काट्यावर नेहमीचा वेग दिसत असतो तेव्हा खालची जमीन सुमारे पंधरा टक्के अधिक वेगाने पळत असते. लागणारा वेग वाढलेला, वेग देणारी ताकद घटलेली. त्यामुळे जमिनीवरची धाव समुद्रसपाटीच्या तुलनेत दुपटीहून लांबते.

मग माझी मुले विचारत, "सर, पावच ताकद गेली ना? तीन हिस्से तर उरली." मुलांना मी पगाराचे उदाहरण देत असे. समजा, घरात महिन्याला चाळीस हजार येतात आणि तीस हजार खर्चाला लागतात. दहा हजार शिल्लक. पगारात पाव हिस्सा कपात झाली, तर शिल्लक पाव हिश्श्याने घटत नाही, ती शून्य होते. विमानाला नुसते तरंगत राहायलाच ताकदीचा मोठा वाटा लागतो, आणि विरळ हवेत तो वाटा आणखी वाढतो. चढायचे असते ते उरलेल्या शिलकीवर. म्हणजे इंजिन ठणठणीत, पंख शाबूत, काटे जागेवर, आणि तरी विमान चढत नाही. बिघाड शोधायला गेलात तर सापडणार नाही. बिघाड झालेलाच नसतो.

यात एक गोष्ट मला सगळ्यांत घातक वाटते. जमिनीच्या अगदी जवळ, साधारण पंखांच्या पसाऱ्याइतक्या उंचीच्या आत, विमानाला उडणे सोपे जाते. पंखांच्या टोकांशी हवेचे जे भोवरे उठतात त्यांना जमीन अडवते, आणि पंखांवरचा ओढा कमी होतो. याला 'ग्राउंड इफेक्ट' म्हणतात. स्टिन्सनच्या पंखांचा पसारा चौतीस फुटांचा, म्हणजे तेवढ्या उंचीपर्यंत जमीन त्याला तळहातावर धरते. जे विमान पन्नास फुटांवर उडू शकत नाही ते दहा फुटांवर उडते. चाके सुटली की आत बसलेल्या प्रत्येकाला, वैमानिकालासुद्धा, वाटते की काम झाले. आणि नेमके तेव्हाच थांबायला उरलेली पट्टी मागे सरत असते.

आता सरांची फळी.

गोटी फळीच्या वरच्या टोकाला सोडायची. सर विचारायचे, "अर्ध्या फळीवर तिचा वेग किती? शेवटच्या टोकाच्या वेगाच्या निम्मा?" सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणायचा, आणि सर मान हलवायचे. स्थिर ओढीने धावणाऱ्या वस्तूच्या वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या अंतरावर वर्ग निम्मा, म्हणून वेग एक छेद वर्गमूळ दोन, म्हणजे सुमारे सत्तर टक्के. हे उत्तर मी नववीत पाठ केले आणि विसरून गेलो. पुढे विमान शिकताना डोंगरातल्या वैमानिकांचा एक नियम कानावर आला: निम्म्या धावपट्टीवर उड्डाणाच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल मागे घे, म्हणजे इंजिनाची ताकद काढून घे, आणि थांब. ऐकताक्षणी मला गोटीचा तो घरंगळणारा आवाज आला. खऱ्या विमानात वेग वाढेल तशी ओढ थोडी कमी होत जाते, म्हणून निम्म्यावर सत्तरच्या जरा वरच असायला हवे. पण गाभा फळीचाच.

हा नियम मी वर्षानुवर्षे शिकवला. तरीही आज सांगायला हवे की ब्रूस मेडोजला तेवढ्या नियमाने भागले नसते. तिथली पट्टी पाच हजार फुटांची. तिच्या निम्म्यावर म्हणजे अडीच हजार फुटांवर सत्तर टक्के वेग कदाचित मिळूनही गेला असता. लांब पट्टी माणसाला फार उदार वाटते. ती विमानाला जमीन सोडू देते, पण चढण्याचे वचन तिच्यात नसते. म्हणून दुसरी खूण लागते. आजच्या तापमानाला, आजच्या वजनाला, विमानाच्या पुस्तकाप्रमाणे चाके कुठे सुटायला हवीत, ती जागा. तिथे सुटली नाहीत तर पुढे किती पट्टी शिल्लक आहे हे बघायचेच नाही, थांबायचे. आणि पुस्तकातला चढण्याचा दर जर नावापुरताच निघत असेल, तर धावायलाच निघायचे नाही. दोन माणसे घेऊन दोन फेऱ्या करायच्या, इंधन कमी भरायचे किंवा पहाटेची वाट पाहायची. आयडाहोतले जुने वैमानिक उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत कामे उरकतात, ते याचसाठी.

खूण जमिनीवरच का हवी? कारण धावत्या विमानात माणूस निर्णय घेत नाही, वाट पाहतो. आता सुटेल, आणखी थोडे, आता सुटेलच. मागे मित्र बसलेले असतात, संध्याकाळचे जेवण कुठे घ्यायचे हे ठरलेले असते. हे मी दुरून बोलत नाही. एकदा मीही अशीच वाट पाहिली होती.

मी नव्याने शिकवायला लागलो होतो. दख्खनच्या पठारावरची, दोन हजार फुटांच्या आसपासची एक पट्टी. मे महिना, दुपारचे दोन, तापमान 41. विमान दोन आसनांचे, दोन्ही टाक्या भरलेल्या, शेजारी एकोणीस वर्षांचा विद्यार्थी. त्याचे तास पुरे करायचे होते, परीक्षा जवळ आली होती. मी हिशेब केला नव्हता. सकाळी त्याच पट्टीवरून तेच विमान सहज उडाले होते, तेवढा पुरावा मला पुरेसा वाटला. आज तो हिशेब तुमच्यासमोर करतो. दोन हजार फुटांवर प्रमाण तापमान 11, प्रत्यक्षात 41, फरक 30, गुणिले 120, म्हणजे 3,600. मूळ दोन हजार धरून 5,600 फूट. त्या दुपारी मी एका मुलाला घेऊन कळसूबाईच्या शिखराहून उंच जागेवरून उड्डाण करत होतो, आणि समजत होतो की मी माळरानावर आहे.

विमान सुटले, पण दहा-पंधरा फुटांवरच राहिले. पंखांची उचल सुटत आल्याचा इशारा देणारा स्टॉलचा भोंगा अधूनमधून वाजत होता. समोर शेताच्या बांधावर बाभळी होत्या. विद्यार्थी माझ्याकडे बघत नव्हता, बाभळींकडे बघत होता, आणि विमान वर चढवायला हळूहळू दांडा मागे ओढत होता. त्या क्षणी कुणीही ओढेल. मी त्याचा हात धरला, दांडा पुढे केला, थ्रॉटल बंद केले. विमान पट्टीच्या शेवटच्या तुकड्यावर आपटले आणि नांगरलेल्या रानात गेले. पुढचे चाक मोडले, प्रॉपेलर वाकला. आम्हा दोघांना खरचटलेही नाही. मुलगा खाली उतरून ढेकळांवर बसला. तो काही बोलला नाही, मीही नाही.

त्यानंतर मला जे जाणवले ते सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. आपल्याकडे अपघात झाला की 'वैमानिकाची चूक' असे म्हणून फाइल मिटते. ते दोन शब्द खोटे नसतात, माझ्या बाबतीत तर मुळीच नव्हते. पण त्यांच्यातून पुढच्या माणसाला काही मिळत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1951 मध्ये अपघात-चौकशीसाठी जे तेरावे परिशिष्ट स्वीकारले, त्याचा पाया हाच आहे की चौकशी दोष ठरवण्यासाठी नाही, पुढचा अपघात टाळण्यासाठी असते. अमेरिकेत सुरक्षा मंडळाचा अहवाल भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, तोही याच कारणाने. आपल्या देशात विमान अपघातांच्या चौकशीसाठी वेगळे कार्यालय उभे राहिले तेही 2012 मध्येच. त्या स्टिन्सनच्या वैमानिकाला मी ओळखत नाही. पण ते चित्रण जगासमोर आले आणि माझ्यासारख्या शिक्षकांच्या हाती पडले, याचे ऋण मी मानतो. घनता-उंचीची व्याख्या मी पन्नास वेळा फळ्यावर लिहिली असती, तरी न संपणाऱ्या त्या धावेने मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटायचे ते उमटले नसते.

माझ्या त्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी मी पहाटे पट्टीवर गेलो. तिथे काम करणारे एक वयस्क गृहस्थ सोबत आले. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. पट्टी पावलांनी मोजली. बरोबर निम्म्यावर, कडेला, एक मोठा दगड ठेवून त्याला चुना फासला. मग मी दुसरा, जरा लहान दगड मागितला. मामांनी विचारले, "हा कुठं ठेवायचा?" मी म्हटले, "याची जागा रोज ठरेल."

पुढे तो दगड रोज हलत असे. सकाळी विद्यार्थी तापमान वाचायचे, विमानाचे पुस्तक उघडायचे, वजनाची बेरीज करायचे, आणि आज चाके कुठे सुटायला हवीत ते मामांना येऊन सांगायचे. मामा दगड उचलून तिथे नेऊन ठेवायचे. डिसेंबरच्या सकाळी तो सुरुवातीपासून जवळच असायचा. मार्च सरला की रोज थोडा थोडा पुढे जायचा, दुपारच्या उड्डाणासाठी आणखी पुढे. मामांना पुस्तकातले काही कळत नव्हते, पण दगड कुठवर न्यावा लागतो यावरून ते दिवस ओळखत. एका मे महिन्यात मुलांनी आकडा काढून सांगितला. मामा दगड घेऊन निघाले, निम्म्यावरचा मोठा दगड मागे टाकून बरेच पुढे गेले, तिथे थांबले, समोरच्या बाभळींकडे पाहिले आणि दगड तसाच उचलून परत घेऊन आले. मुलांनी काही न विचारता विमान ढकलत हँगरमध्ये नेले, आणि फळ्यावर दुसऱ्या दिवशीची वेळ लिहिली, सकाळी सव्वासहा.